दिसला नाही तरी पूर्ण पैसे

आजचं वाचन: श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय नववा. अवधूताचे चोवीस गुरू, त्यातली कुमारी आणि तिची कांकणं.



कथा थोडक्यात सांगते, माहीत असली तरी. एका मुलीला बघायला पाहुणे आलेत. घरची मोठी माणसं बाहेर गेलीत. पाहुण्यांना जेवायला घालायचं म्हणून ती आत जाऊन भात कांडायला बसते, आणि हातातली कांकणं वाजायला लागतात. तिला संकोच वाटतो, घरची गरिबी बाहेर ऐकू जाते ना! मग ती एकेक कांकण उतरवत जाते. दोन राहिली तरी आवाज येतोच. शेवटी प्रत्येक हातात एकच ठेवते, आणि काम शांतपणे होतं. अवधूत हे बघतो आणि तिला गुरू मानतो. नाथांनी एकादश स्कंधावर केवढा मोठा ग्रंथ लिहिला, शके 1495 मध्ये काशीला पूर्ण केला, त्यात हे सगळे गुरू मराठीत आपल्या घरी आलेत.

आता याचा आणि क्रूझचा काय संबंध, असं वाटेल. सांगते.

बोईसरच्या एका ताईचा मेसेज आलाय. तिचे बाबा तारापूर एमआयडीसीतून रिटायर झाले. आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून सगळं कुटुंब मुंबई-गोवा क्रूझवर चाललंय. गोव्याला जहाज थांबेल तेव्हा अर्धा दिवस मोकळा आहे. जुनी चर्चं, मसाल्याची बाग किंवा बोटीतून डॉल्फिन, यातलं एक निवडायचं. तिच्या दहा वर्षांच्या मुलाने यूट्यूबवर व्हेल वॉचिंग बघून ठेवलंय, त्यामुळे त्याला दुसरं काही नकोच. ताईचा प्रश्न असा: "आपण सर्वांभूती भगवंत म्हणतो. मग पैसे भरून मुक्या जीवाच्या मागे बोट पळवणं बरं का? की मी जरा जास्तच विचार करतेय?"

ताई, जास्त अजिबात नाही. सुट्टीत धर्म घरी ठेवून जायचा असतो असं कुठे लिहिलंय?

आधी एक गोष्ट मुलाला नीट सांगा, नाहीतर बोटीत रुसून बसेल. गोव्याच्या तासाभराच्या फेरीत व्हेल दिसत नाही. दिसतो तो डॉल्फिन, तोही बहुतेक वेळा कुबडवाला, पाठीवर छोटा उंचवटा असलेला. तो किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात राहतो, म्हणून सापडतो. आणि म्हणूनच बोटी, जाळी, सांडपाणी सगळं आधी त्याच्याच वाट्याला येतं. जगाच्या यादीत या जातीची नोंद धोक्यात आलेल्या जीवांमध्ये आहे.

व्हेल आपल्या समुद्रात नाहीत असं मात्र नाही. मराठीत त्याला केवढं सुंदर नाव आहे बघा, देवमासा. (मासा नाहीच तो. आपल्यासारखा हवेत श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. पण 'देव' हा शब्द ज्याने लावला त्याचं बरोबर होतं असं मला वाटतं.) 2015 च्या जूनमध्ये रेवदंड्याला बेचाळीस फुटी निळा देवमासा किनाऱ्यावर आला, जिवंत होता, पण वाचला नाही. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचं पिल्लू अडकलं. गावकरी, वनखातं, तटरक्षक सगळे दोन दिवस झटले, अंगावर पाणी मारत राहिले, बोटीने ओढून त्याला खोल समुद्रात नेऊन सोडलं. तेही वाचलं नाही. देवळासमोरच्या त्या वाळूत तेव्हा जे लोक पाणी ओतत होते, त्यांना त्यातून काय मिळणार होतं? काहीच नाही. ते चित्र मी विसरू शकत नाही.

आता मूळ प्रश्न. बघायला जावं का?

एक उत्तर सोपं आहे: जाऊच नका. मला ते पटत नाही. अवधूताने चोवीस गुरू केले ते डोळे मिटून केले नाहीत. मधमाशी, मासा, हरीण, हत्ती, अजगर, समुद्र, सगळं त्याने बघितलं, खूप वेळ बघितलं. बघणं ही त्याची साधना होती. पण एक बारकावा बघा. चोवीसपैकी एकालाही कळलं नाही की आपल्याला कुणी बघतंय. अजगराला काठीने डिवचून त्याने वैराग्य शिकून घेतलं नाही. कुमारीला 'जरा पुन्हा कांड, मला ऐकू दे' म्हणाला नाही. जे चाललंय ते चालू दिलं, स्वतः बाजूला थांबला.

दुसरं उत्तर त्याहून सोपं: एवढं काय, डॉल्फिनलाही मजा येते, ते उड्या मारतात. मंडळी, डॉल्फिन वर येतो तो श्वासासाठी. त्याला यावंच लागतं. आपण टाळ्या वाजवतो तेव्हा तो श्वास घेत असतो. कधी खेळतही असेल, नाही म्हणत नाही. पण वर आला की चार बोटी अंगावर येत असतील तर तो श्वास उरकून घेतो, आणि पिल्लू बरोबर असेल तर तेही.

आणि इथे कांकणं येतात. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो. डॉल्फिन कानाने जगतो. स्वतः आवाज काढून त्याचा प्रतिध्वनी ऐकत मासे शोधतो, आईला पिल्लू शोधतं तेही आवाजाने. एक बोट लांबून हळू गेली तर त्याच्यासाठी ते एक कांकण. पण एका नाववाल्याला डॉल्फिन दिसला की तो हात करतो, दुसरा वळतो, तिसरा येतो, थोड्या वेळात पाच-सात इंजिनं एका कळपाभोवती. प्रत्येक बोटीतला माणूस म्हणतो, आमची तर एकच बोट होती! खरंच एकच होती. दोन कांकणंसुद्धा वाजतात, हे त्या मुलीला कळलं होतं. म्हणून बाहेरच्या देशांत अंतराचे नियम असतात, हवाईत कुबड्या देवमाशापासून शंभर यार्ड तरी लांब राहावं लागतं. आपण अंतराचा विचार करायचा तो स्वतःहून.

तरीही खरी गडबड बोटीत नसते, ती आपण बोट ठरवतो तेव्हाच होऊन गेलेली असते. गोव्यात किनाऱ्यावर पाट्या दिसतात, 'डॉल्फिन दिसला नाही तर पैसे नाहीत'. ग्राहकाला छान वाटतं. फसवणूक नाही, हमी आहे. पण नाववाल्याच्या जागी बसून बघा. डिझेल त्याने जाळलं, सकाळ त्याची गेली, आणि डॉल्फिन दिसला नाही तर हातात शून्य. तो पाठलाग करणारच. आपण त्याला 'जोरात घे' असं तोंडाने म्हणायची गरजच नाही, आपल्या सौद्याने ते आधीच सांगितलंय. मग परत येताना 'काय हे, बिचाऱ्यांच्या मागे लागतात' म्हणून त्यालाच नावं ठेवायची. हे काही बरोबर नाही.

कर्म करा, फळाची हाव धरू नका, हे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातलं आपण इतक्या वेळा ऐकलंय की त्याचं वॉलपेपर झालंय. ऑफिसच्या प्रमोशनला लावतो, परीक्षेला लावतो. तिकिटाला लावून बघितलंय कधी? फळ मिळालं नाही तर पैसे परत, ही हमी म्हणजे फळाची आसक्तीच, पावतीवर छापलेली. ती आसक्ती आपली असते, पण धावावं लागतं नाववाल्याला, आणि दम लागतो डॉल्फिनला.

पंढरपूरला आषाढीला किती जण जातात ज्यांना गाभाऱ्यापर्यंत पोचताच येत नाही! नामदेव पायरीला डोकं टेकतात, कळस बघतात, हात जोडतात, परत फिरतात. पंधरा-वीस दिवस चालत आलेली म्हातारी कळस बघून डोळे पुसते. 'दर्शन झालं' म्हणते. कुणी तिला म्हणेल का की तुझी ट्रिप फुकट गेली? दर्शन हा शब्द आपल्याकडे इतका सहज वापरतात, पण त्यात समोरच्याने दिसायला राजी असणं धरलेलं आहे. लांबून दोन सेकंद पाठीवरचा पर दिसला आणि पाणी मिटलं, तर ते कळसदर्शन समजा ना. दहा वर्षांच्या मुलाला हे कळेल का? मला वाटतं मोठ्यांपेक्षा लवकर कळेल. फक्त आपण आधीच त्याच्यासमोर 'एवढे पैसे घालून काहीच नाही दिसलं' असं बोलायचं नाही.

आणि समुद्रावर जगणारे लोक हे आपल्याहून आधी शिकलेत. आपल्याच पट्ट्यात बघा, सातपाटी, मुरबे, डहाणू. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, 61 दिवस बोटी वर ओढलेल्या. समुद्राचा चातुर्मासच म्हणा. मग नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून, मागून, मग पाण्यात. 2018 च्या डिसेंबरपासून राज्य सरकारची एक योजना आहे: जाळ्यात कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने स्वतःचं जाळं कापून त्याला सोडलं, तर जास्तीत जास्त 25,000 रुपये भरपाई. जाळं कापणं म्हणजे त्या दिवसाचा धंदा कापणं. शिवाय नवीन जाळं याहून कितीतरी महाग पडू शकतं. तरी कापतात.

शेजारच्या गुजरातची गोष्ट तर कथेसारखीच आहे. वेरावळच्या बाजूला व्हेल शार्कची मोठी शिकार चालायची. (हा खरंच मासा, देवमासा नव्हे, पण बसएवढा.) 2001 मध्ये कायद्याने त्याला संरक्षण दिलं. पण किनाऱ्यावर मन वळलं ते 2004 च्या सुमारास मोरारी बापूंनी सांगायला सुरुवात केली तेव्हा. ते म्हणाले, ही तर बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. व्हाली म्हणजे लाडकी, हे नाव पडलं. माहेरी आलेल्या लेकीवर कोण गळ टाकेल? त्यानंतर त्याच कोळ्यांनी जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडून दिले. कायदा होताच, पण नातं सांगणारं कुणीतरी लागलं.

ताई, एक अवघड गोष्टही लिहिते, रागावू नका. आपण बोईसर-तारापूरची माणसं समुद्राला फक्त सुट्टीत भेटत नाही. एमआयडीसीचं सांडपाणी पाइपातून नवापूरच्या समुद्रात जातं, त्या प्रदूषणाविरुद्ध मच्छीमार हरित लवादापर्यंत गेलेत. वाढवणला केवढं मोठं बंदर होतंय, त्याची पायाभरणी 2024 च्या ऑगस्टमध्ये झाली, आणि किनाऱ्यावरची गावं किती वर्षं त्याला विरोध करत आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. कुणाचा पगार त्या कारखान्यांतून येतो, कुणाची जाळी त्या पाण्यात असतात, कधीकधी दोन्ही एकाच घरात. याचं झटपट उत्तर माझ्यापाशी नाही आणि गीतेतला एखादा श्लोक चिकटवून ते देण्याचा आवही मी आणणार नाही. एवढंच म्हणते, गोव्यातल्या तासाभराच्या बोटीबद्दल ज्याच्या मनात प्रश्न येतो, त्याने चिंचणीच्या किनाऱ्यावर फिरतानाही तो प्रश्न सोबत ठेवावा. गोव्याचा डॉल्फिन आणि आपल्याकडचा डॉल्फिन एकाच समुद्रात आहेत.

मग करायचं काय? जा. आईबाबांना घेऊन जा. पण हमीची पाटी असेल ती बोट सोडा. दुसरा नाववाला गाठा, जमलं तर वय झालेला, आणि निघायच्या आधी त्याच्या हातावर पूर्ण पैसे ठेवा. सांगा, "दादा, दिसला तर बरं, नाही दिसला तरी हे तुमचेच. मागे लागू नका. लांब थांबा, इंजिन हळू ठेवा, दुसऱ्या बोटी जमल्या तर आपण निघू." तो चमकेल. असं बोलणारं गिऱ्हाईक रोज येत नसणार. कदाचित हसेल आणि नेहमीसारखाच पळवेल, तेव्हा पुन्हा एकदा सांगा, आवाज न चढवता. जहाजाच्या काउंटरवरून बुकिंग करणार असाल तर तिथे विचारा की बोट किती जवळ जाते. त्यांना माहीत नसेल. तरी विचारा, दहा जणांनी विचारलं की ते माहीत करून घेतात.

बोटीत बसल्यावर मुलाच्या हातात फोन देऊ नका. अर्धा तास नुसतं पाणी बघायचं. आई नाम घेत बसली तर बसू दे. आणि डॉल्फिन आलाच, तर त्या क्षणी 'अरे बघ बघ!' ओरडण्याआधी एक श्वास थांबून बघा, जमतंय का.

दिसला की नाही ते मला कळवायचं असलं तर कळवा, नाहीतर राहू दे.

उद्याचं वाचन याच अध्यायातलं पुढचं: बाण घडवणारा कारागीर, ज्याच्या शेजारून राजाची मिरवणूक वाजतगाजत गेली आणि त्याला पत्ताच लागला नाही.

राम कृष्ण हरी.