रिकामा हातमोजा

वाचक हो, वाक्यातला कर्ता लपवला म्हणजे पाप लपते काय? प्रश्न व्याकरणाचा वाटेल. पण तो एका चित्रापुढे उभा राहतो.

व्हेनिसचा जाकोपो दे बार्बारी हा चितारी जर्मन दरबारांत चाकरीस होता. त्याने १५०४ साली लाकडी फळीवर हे चित्र काढले. आज ते म्युनिकच्या आल्टे पिनाकोटेक या संग्रहालयात आहे. उंची जेमतेम ५२ सेंटिमीटर. भिंतीवर एक मेलेला तितर टांगला आहे. सोबत लोखंडी हातमोज्यांची जोडी आणि आडव्या धनुष्याचा आखूड बाण. खाली कागदाचा कपटा, त्यावर चिताऱ्याचे नाव आणि साल. युरोपात नुसत्या वस्तूंची चित्रे काढण्याची जी रीत पुढे वाढली, तिच्या आरंभीच्या चित्रांत याची गणना होते.

आता पाहा. पक्षी आहे, बाण आहे, मोजे आहेत. धनुष्य नाही आणि हातही नाही. व्याकरण सांगते, ज्याच्या योगाने क्रिया घडते ते करण. जो स्वतंत्रपणे करतो तो कर्ता. बाण हे करण. मोजाने तर नुसता हात राखला. मग तितर मारला कोणी? चित्र ‘पक्षी मेला’ एवढेच बोलते. ‘अमक्याने मारला’ असे म्हणत नाही. चित्र काढले त्याखाली नाव आहे, जीव घेतला त्याखाली नाही!

अहो, आपणही असेच बोलतो की! ‘माप कमी भरले.’ ‘तोंडून शब्द गेला.’ ‘पोराला लागले.’ वाक्ये खरी, पण हात कुठे आहे? फार झाले तर म्हणतो, ‘देवाने करविले.’ चांगले घडल्यावर असे म्हणणे ही नम्रता. वाईट घडल्यावर तेच म्हणणे म्हणजे आपला मोजा काढून देवाच्या हातात चढवणे.

कोणी म्हणेल, घडायचे ते घडून गेले, आता कर्ता सांगून तितर थोडाच उडणार आहे? नाही उडणार. पण बाणाला पश्चात्ताप होत नाही, लोखंडाला क्षमा मागता येत नाही. ते कर्त्यालाच जमते. ज्याने स्वतःला वाक्यातून काढले, त्याने सुधारण्याची वाटही स्वतःच बुजवली.

म्हणून रात्री अंथरुणाला पाठ टेकण्यापूर्वी दिवसातले एक तरी वाक्य कर्त्यासह म्हणून पाहावे : ‘माप मी कमी भरले.’ जड जाईल खरे. पण उद्या ते पुरे भरण्याची सुरुवात तिथूनच होते.