जन्माचं माप

रिसोडला शाळेत आनुवंशिकता शिकवताना मेंडेलच्या वाटाण्यांशेजारी मी फळ्यावर आणखी एक जर्मन आडनाव लिहिते: फिशर. मानवी आनुवंशिकतेचे अभ्यासक ऑयगेन फिशर बर्लिनमध्ये मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचे मार्गदर्शक होते. गोऱ्यांची बुद्धी जन्मतःच श्रेष्ठ आणि तिची खूण कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या फरकात सापडेल, असा फिशर यांचा कयास होता. १९२८ साली तिथे गेलेल्या इरावतीबाईंनी एकेक कवटी हातात घेऊन मोजली. फरक होता, पण वंशाशी त्याचा काही मेळ बसेना. प्रबंधात त्यांनी तेच लिहिलं.

आपल्याकडे हाच कयास पूर्वजन्मीच्या कर्माच्या नावाने चालतो. मी कर्म मानते. माझ्या करणीचा जाब मला द्यावाच लागेल. पण दुसऱ्याच्या जन्मावर बोट ठेवून ‘हे त्याचं फळ’ म्हणायचा अधिकार मला कोणी दिला? शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं मेहुणाराजा हे संत चोखोबांचं जन्मगाव मानतात. जन्मावर असंच बोट ठेवून त्यांना विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकू दिलं नाही. आज महाद्वारासमोरच्या त्यांच्या समाधीवर वारकरी डोकं ठेवतात. कर्माचा हिशेब ज्याचा त्याने ठेवावा. दुसऱ्याचा मांडणं हाच अधर्म.