दिवसाला तीन

पोटाची, कमरेची चरबी नळीने ओढून काढायची आणि तीच नितंबांत भरायची, या शस्त्रक्रियेला ‘ब्राझिलियन बट लिफ्ट’ म्हणतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या मायामी शहरात तिचा मोठा बाजार आहे. चरबी आपलीच, म्हणून ती निर्धोक वाटते. पण 2017 साली प्लास्टिक सर्जनांच्याच एका अभ्यासगटाने हिशेब मांडला, तेव्हा 3,000 शस्त्रक्रियांमागे 1 मृत्यू इतका धोका असू शकतो असे दिसले.

नितंबाच्या स्नायूत आणि त्याखाली मोठ्या शिरा असतात. नळीचे टोक जरा खोल गेले आणि शीर फाटली, की चरबी रक्तात शिरते आणि हृदयातून फुप्फुसांत जाऊन अडकते. माणूस टेबलावरच जाऊ शकतो. कातडीखालच्या थरातच चरबी भरली तर हा धोका टळतो. पण ते टोक सर्जनला दिसत नाही, हाताच्या अंदाजावर काम चालते. सोनोग्राफीच्या पडद्यावर ते दिसते. मात्र त्याला वेळ लागतो, आणि स्वस्तात भराभर शस्त्रक्रिया उरकणाऱ्यांकडे नेमका वेळच नसतो.

फ्लोरिडाच्या वैद्यक मंडळाने 2019 मध्ये स्नायूत चरबी भरायला मनाई केली. तरी मृत्यू थांबले नाहीत. अखेर 2022 मध्ये तातडीचा नियम निघाला: सोनोग्राफी लावा, आणि एका सर्जनने दिवसाला तीनपेक्षा जास्त अशा शस्त्रक्रिया करू नयेत. भूल देऊन पालथ्या निजवलेल्या बाईला किती वेळ द्यायचा, हे डॉक्टरला कायद्याने सांगावे लागले, याचे मला फार वाईट वाटते.

असा मृत्यू झाला, की लोक त्या बाईलाच बोल लावतात. ‘कुणी सांगितली होती नसती हौस?’ हे क्रूर आहे. ब्राझीलचे नामवंत सर्जन इव्हो पितांगी यांनी 1961 मध्ये नितेरॉयच्या सर्कशीच्या आगीत होरपळलेल्यांवर उपचार केले, आणि रिओच्या धर्मादाय रुग्णालयात गरिबांसाठी प्लास्टिक सर्जरीचा विभाग चालवला. आपले रूप आपल्याला सलणे, हे दुःख त्यांनी क्षुल्लक मानले नाही. आपणही मानू नये.

चरबी काढून भरण्याच्या शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यातही होतात. घरातली कुणी त्या विचारात असेल तर तिच्यावर डाफरू नका, तिच्यासोबत जा. चरबी तुम्ही स्वतः भरणार का, भरताना सोनोग्राफी लावणार का, त्या दिवशी आणखी किती पेशंट आहेत, हे डॉक्टरांना तोंडावर विचारा. उत्तराची टाळाटाळ झाली तर तिला घेऊन सरळ घरी या.