वेदनेचा आप्त

"डॉक्टरसाहेब, मी खोटं बोललो असं लिहिलंत का?"

वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातल्या एका हमालाने मला हे विचारलं, तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून दाखले देत मला वीस वर्षं झाली होती. गोणी उचलताना त्याच्या कमरेत चमक भरली होती. कळ पोटरीपर्यंत उतरायची, पायाच्या अंगठ्याला मुंग्या यायच्या. मी त्याला उताणं झोपवून पाय सरळ वर उचलून पाहिला, एमआरआय पाहिला आणि लिहिलं : मणक्यांची वयोमानानुसार झीज, अपंगत्व 10 टक्के. नुकसानभरपाई आयुक्तांपुढे विमा कंपनीच्या वकिलांनी 'वयोमानानुसार' या एका शब्दावर बोट ठेवलं आणि दावा लंगडा पडला.

मी खोटं लिहिलं नव्हतं. तरी त्याला उत्तर देता येईना.

कामगारांना नुकसानभरपाई देणाऱ्या 1923च्या कायद्याला अनुसूची होती. कोणता अवयव गेला की कमाईची क्षमता किती गेली, ते तिथे छापलेलं. अंगठा गेला, 30 टक्के. नुसती दुखणारी पाठ त्या यादीत नव्हती. कारण ती जात नाही, जागेवर राहून दुखते. अशा दुखापतीचा टक्का डॉक्टरने ठरवायचा होता.

न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला 1994चा एक अभ्यास मला ठाऊक होता. पाठदुखी नसलेल्या 98 जणांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून अधिक जणांची एखादी तरी चकती फुगलेली निघाली. म्हणजे चित्रात बिघाड दिसला तरी वेदना असेलच असं नाही. मग 'ही तर वयाची झीज' म्हणून त्याच चित्राच्या जोरावर समोरच्याची वेदना तरी कशी पुसायची? हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

उत्तर सापडलं ते वात्स्यायनाच्या न्यायभाष्यात, न्यायसूत्रांवरच्या त्याच्या प्राचीन भाष्यात. ज्याने एखादी गोष्ट साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सर्वांना सारखंच लागू आहे, असं तो स्पष्ट सांगतो. दुःख तर ज्याचं त्यालाच प्रत्यक्ष कळतं. मग त्या कळेचा आप्त हमाल होता. मी धुरावरून विस्तव ओळखणारा.

पैशाचा मोह माणसाला खोटं बोलायला लावू शकतो, हे खरं. म्हणून संशय घ्यावा, पण त्याला कारण हवं. समोरचा गरीब आहे, हे कारण नव्हे.

आणि कमाईच्या क्षमतेबद्दल मी तरी कुठे आप्त होतो? डावा हात कोपराच्या वरून गमावलेल्या सुताराचं अपंगत्व सर्वोच्च न्यायालयाने 1975मध्ये पूर्ण मानलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. न्यायालयाने त्याचं काम पाहिलं. मी मात्र हमालाची पाठ तपासली, गोणी पाहिलीच नव्हती.

एका पहाटे बाजारात गेलो. वाकून, पाठीवर गोणी घेऊन, फळीवरून ट्रकमध्ये चढणारी माणसं तासभर पाहिली. या कामात 10 टक्के अधू पाठ म्हणजे काय? गोणी उचलली जाते किंवा जात नाही.

तेव्हापासून माझ्या दाखल्यात तीन वेगळे परिच्छेद असतात : मी काय पाहिलं, त्यावरून काय अनुमान केलं, आणि रुग्णाने काय सांगितलं. तिसरा मी त्याच्याच शब्दांत लिहितो आणि सही करण्याआधी त्याला वाचून दाखवतो.