तोतलाडोहचे पाणी आणि रोहिणीचा वाद

पेंच नदीवरचा तोतलाडोह जलाशय मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राच्या सीमेवर पसरला आहे. त्याच्या पाण्याखाली गेलेल्या सुमारे ७२ चौरस किलोमीटर जमिनीपैकी ५४ चौरस किलोमीटर मध्य प्रदेशातली आहे. दोन्ही काठांना पेंच याच नावाचे व्याघ्रप्रकल्प आहेत, मध्य प्रदेशातला १९९२ चा आणि महाराष्ट्रातला १९९९ चा. नागपूरची तहान मुख्यतः पेंचच्या पाण्यावर भागते. लाकडाच्या बाजारासाठी ओळखले जाणारे लकडगंज आणि पूर्व नागपूरचा मोठा भाग कन्हान नदीचे पाणी पितो. पण पेंच ही कन्हानचीच उपनदी, आणि दोघींचाही उगम छिंदवाडा जिल्ह्यात आहे. लकडगंजातल्या नळाखालचा हंडा भरतो तो बव्हंशी शेजारच्या राज्यात पडलेल्या पावसाने. अशा पाण्यावर हक्क कोणाचा? आणि ज्याने तो जलाशय कधी पाहिलाच नाही, त्याच्यावर त्याचे काही ऋण आहे का?

कायद्याने हे उत्तर आकड्यांत दिले. १९६४ च्या करारानुसार मध्य प्रदेशाच्या वाट्याला ३५ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि महाराष्ट्राच्या वाट्याला ३० टीएमसी पाणी आले. इथल्या जलविद्युत केंद्राची वीजही दोन भाग मध्य प्रदेशाला, एक भाग महाराष्ट्राला अशी वाटली जाते. पुढे मध्य प्रदेशाने वरच्या अंगाला चौरई धरण बांधले. तोतलाडोहकडे येणारे पाणी कमी झाले, त्यात पावसाने ओढ दिली आणि जुलै २०१९ मध्ये नागपुरात एक दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली. हिस्सा ठरलेला असूनही तंटा उरतोच, कारण करार पाण्याचे माप वाटतो. तळ्यात माप एवढेच नसते. गाळ असतो, मासे असतात, काठावर उतरणारे पक्षी असतात. उन्हाळ्यात पाणी मागे सरले की उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीवर गवत उगवते आणि चितळ, गवे तिथे चरायला येतात. शहराला जी तूट वाटते, ती त्या जनावरांची चराई असते. एकाच पातळीचे हे दोन अर्थ टीएमसीच्या हिशेबात मावत नाहीत.

धर्मपरंपरांनी हा प्रश्न वेगवेगळ्या टोकांनी धरला आहे. इस्लामी विचारात पाणी, गवत आणि अग्नी ही सर्वांची सामायिक संपत्ती मानली गेली. जैन दर्शन त्याही मागे जाते: पाणी हेच अप्काय जीवांचे शरीर आहे, म्हणून ते वापरताना संयम हवा. इथे पाणी कोणाचे हा प्रश्न मागे पडतो आणि पाण्याला आपल्याकडून काय देणे आहे हा पुढे येतो.

नागपूरला सर्वात जवळची कथा मात्र रोहिणी नदीची आहे. शाक्य आणि कोलीय या दोन गणांमधून ही नदी वाहत होती आणि दोघांचीही शेती तिच्यावर होती, म्हणून तिच्या पाण्यावरून त्यांच्यात वाद पेटला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. त्यांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९५७ मध्ये प्रकाशित झाला. सिद्धार्थाच्या, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या शाक्य तरुणाच्या, गृहत्यागाचे कारण म्हणून या ग्रंथात म्हातारा, रोगी आणि प्रेत यांची प्रचलित कथा येत नाही, तर पाण्याचा हा वाद येतो. शाक्यसंघ युद्धाला निघालेला असताना सिद्धार्थ आधी दोष कोणाचा याची नीट चौकशी करा म्हणतो. शाक्यांनी दोन आणि कोलीयांनी दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी मिळून निवाडा करावा, अशी त्याची सूचना असते. ती बहुमताने फेटाळली जाते आणि त्याच्या गृहत्यागाची वाट तिथून सुरू होते.

या कथेत अहिंसा येते ती चौकशीचा हात धरून. दोन्ही काठांनी मिळून सत्य शोधायचे आणि ते दोघांनाही बांधील असेल, हा तिचा गाभा आहे. सीमेपलीकडे जाणाऱ्या पर्यावरण संशोधनाला याहून भक्कम नैतिक पाया क्वचितच सापडेल. पेंचमध्ये वाघाच्या बाबतीत हे घडतेही. २००६ पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या देशव्यापी गणनेत दोन्ही राज्यांत एकच पद्धत वापरली जाते. छायाचित्रातल्या पट्ट्यांवरून वाघ ओळखला जातो, आणि त्याने सीमा ओलांडली तरी तो दोनदा मोजला जात नाही. पाणलोटातला पाऊस, तळाचा गाळ, माशांची वीण यांचीही अशीच एक सामायिक वही हवी. एका राज्याने लिहिलेला आकडा दुसऱ्याला संशयास्पद वाटत असेल, तर त्यावर उभा राहिलेला हिस्सा न्याय्य असूनही अन्यायाचा वाटतो.

चौकशीला कोणाला बसवायचे हा प्रश्न मात्र दोन राज्यांपुरता नाही. मध्य प्रदेशच्या बाजूला राष्ट्रीय उद्यानातून उठवलेल्या आदिवासी कुटुंबांना तोतलाडोहमध्ये मासेमारीचे ३०५ परवाने दिले गेले, तेव्हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९७ च्या निकालाने जंगल जपण्याची निकड मान्य केली, पण त्या कुटुंबांची उपजीविकाही नाकारली नाही. परवाने राहिले; सोबत छायाचित्रासह ओळखपत्र, आग पेटवण्यास मनाई, बेटांवर जाण्यास मनाई अशा अटी आल्या. अशा पाण्यावर होडी घालणाऱ्या माणसांना पाणी कुठे उथळ झाले आणि कोणता मासा जाळ्यात येईनासा झाला, हे कोणत्याही नोंदवहीच्या आधी कळते. पाचांच्या त्या बैठकीत त्यांच्यासाठीही एक जागा असायला हवी.