स्टोअर रूम सोमवारी रिकामी हवी

बंगळूरच्या कोरमंगलातल्या एका कॉलेजात तपासणी समिती यायची होती. प्राचार्यांचा निरोप आला : सोमवारपर्यंत केमिस्ट्रीची स्टोअर रूम रिकामी हवी. कोल्हापूरहून नव्यानं आलेल्या मॅडमनी फर्मान सोडलं, "द्रावणं सिंकमध्ये ओता, नळ सोडा. बाटल्या भंगारवाल्याला द्या."

लॅबमधले बेळगावचे मामा हलले नाहीत.

"मॅडम, माझं घर वर्तूरला. इथलं पाणी बेळ्ळंदूर तळ्यात जातंय, तिथनं आमच्याकडं. फेस उडून रस्त्यावर येतोय बघा."

"तो साबणाचा आणि सांडपाण्याचा, मामा. आपल्या चार बाटल्यांनी काय होणार?"

"ते खरंच. पण ही कसली?"

बाटलीचं लेबल कसरीनं खाल्लेलं, झाकणाच्या आट्यांत पिवळे स्फटिक. मॅडमनी निवृत्त झालेल्या मोठ्या सरांना फोन लावला.

"हात लावू नका," सर म्हणाले. "पिक्रिक ॲसिड आहे. मी ते पाण्यात भिजलेलं ठेवायचो, आता सुकलं असणार. झाकण फिरवलंत तर घर्षणानं स्फोट होईल. खोलीला कुलूप लावा, पोलिसांच्या बॉम्बनाशक पथकाला कळवा."

मग त्यांनी दिल्लीचं सांगितलं. तिथल्या विद्यापीठानं १९६८ साली कोबाल्ट-६० चं यंत्र घेतलं. १९८५ पासून ते पडून होतं. २०१० मध्ये लिलावात निघालं आणि मायापुरीच्या भंगारबाजारात फोडलं गेलं. किरणोत्सर्गानं एक जण दगावला, इतर काही जण आजारी पडले. कोबाल्ट-६० ची शक्ती सव्वापाच वर्षांनी निम्मी होते. पंचवीस वर्षांनंतरही जीव घेण्याइतकी उरली होती.

मॅडमनी डेड स्टॉक रजिस्टर काढलं. आपल्याकडे विद्यार्थ्याच्या हातून बीकर फुटला तर दंडाची पावती फाटते. इथं मात्र रसायनं आल्याच्या तारखा होत्या, किमती होत्या. गेली कुठे, याचा रकाना कोराच.

पथक येऊन ती बाटली घेऊन गेलं. उरलेल्या बाटल्यांवर मामांनी नावं चिकटवली, आम्ल आणि ज्वलनशील वेगळे मांडले. दाबसपेटच्या घातक कचरा केंद्राला यादी गेली, पण गाडी सोमवारी येणं शक्य नव्हतं. समितीनं शेरा मारला : स्टोअर रूम अडगळीची.

प्राचार्य संतापले. मॅडम रजिस्टर घेऊनच केबिनमध्ये गेल्या.

"एवढं पिक्रिक मागवलं तरी कुणी होतं?" प्राचार्यांनी विचारलं.

मॅडमनी पान उघडून पुढे केलं. मागणीखाली सही त्यांचीच होती, विभागप्रमुख असतानाची.