सल्लामसलत : सोय की कर्तव्य?

राज्यकर्ता न्यायी आणि बुद्धिमान असेल, तर लोकांना विचारण्याची गरज काय? लोकशाहीतील निर्णय चुकतात, निवडून दिलेले प्रतिनिधी निराशा करतात, तेव्हा 'एकच खंबीर शासक बरा' असे उद्गार आपल्या घरांतूनही ऐकू येतात. या प्रश्नाचा विचार करताना उहुदचा प्रसंग मार्गदर्शक ठरतो.

हिजरी सन ३ (इ.स. ६२५) मध्ये मक्केचे सैन्य मदीनेवर चालून आले. शहरातच राहून प्रतिकार करावा, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे मत होते. परंतु अनेकांचा, विशेषतः बदरच्या लढाईत सहभागी होऊ न शकलेल्या तरुणांचा, आग्रह बाहेर पडून लढण्याचा होता. प्रेषितांनी (स.) तो मान्य केला. पुढे टेकडीवर नेमलेल्या बहुतेक तिरंदाजांनी आज्ञा मोडून जागा सोडली, हाती आलेला विजय निसटला आणि सुमारे ७० सहकारी शहीद झाले. यानंतर लोकांचा सल्ला घेणे थांबले असते, तर कोणास नवल वाटले नसते. मात्र याच युद्धाच्या संदर्भात अवतरलेल्या सूरह आलिइमरानमध्ये (३:१५९) प्रेषितांना (स.) आदेश मिळाला, की या लोकांना क्षमा करावी आणि कारभारात त्यांचा सल्ला घ्यावा.

सल्लामसलतीचे मोल तिच्या यशापयशावर अवलंबून नाही, हेच यातून स्पष्ट होते. बहुमत शासकावर कितपत बंधनकारक आहे, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण ज्यांच्यावर दिव्य प्रकटन होत होते त्यांनाही विचारविनिमयाचा आदेश असेल, तर इतर कोणता शासक त्यातून मुक्त राहू शकतो?

माननीय अबू बकर (रजि.) यांनी खलीफा होताच लोकांना सांगितले, की मी योग्य वागलो तर साह्य करा, चुकलो तर मला सरळ करा. पुढे सत्ता वारसाहक्काने जाऊ लागली, तेव्हा माननीय हुसैन (रजि.) यांनी यजीदची बैअत नाकारली आणि हिजरी ६१ मध्ये करबला येथे प्राण दिले. राजा दयाळू असू शकतो. परंतु राजाची दया ही त्याची मर्जी असते, प्रजेचा हक्क नव्हे.

भारतीय संविधानाने १९५० पासून हा हक्क प्रत्येक प्रौढ नागरिकाला दिला आणि बहुमतालाही मूलभूत अधिकारांची मर्यादा घातली. अनेक उलेमांनी मताला शहादत, म्हणजे साक्ष मानले आहे. साक्ष न्यायाचीच द्यावी, मग ती स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध का जाईना, ही कुरआनची शिकवण आहे (४:१३५). मग पैसे घेऊन, जातबिरादरी पाहून किंवा आळसाने मत वाया घालवणाऱ्याला उत्तरदायित्वातून सूट कशी मिळेल?

बाळाचे दूध तोडण्याचा निर्णयही आईवडिलांनी परस्परसंमतीने व सल्ल्याने घ्यावा, असे कुरआन सांगतो (२:२३३). ज्या घरात पत्नीचे आणि मुलांचे म्हणणे ऐकले जाते, त्याच घरातून इतरांचे ऐकून घेणारा आणि शासकाला निर्भयपणे प्रश्न विचारणारा नागरिक घडतो.